अन्न, अमानत आणि अट

भुकेल्याला अन्न द्यावे, हे सांगण्यासाठी कोणत्याही विद्वानाची गरज नाही. लहान मुलालाही ते कळते. प्रश्न सुरू होतो तो त्याच्या पुढे. देणाऱ्याने देताना काही मागावे काय? "तू अमुक करशील तर देईन," असे म्हणण्याचा अधिकार त्याला आहे काय? आणि ती अट घेणाऱ्याच्याच भल्याची असेल, तर? वाचकहो, हा प्रश्न वरवर पाहता मोठमोठ्या संस्थांचा वाटतो; पण रमजानमध्ये राशनची पिशवी बांधणाऱ्या प्रत्येक मोहल्ल्यापुढे तो दरवर्षी उभा असतो. म्हणून तो नीट समजून घेण्यासाठी आपण प्रथम एका अशा व्यक्तीच्या कार्याकडे पाहू, जिने हा प्रश्न जगाच्या पातळीवर दहा वर्षे हाताळला.

कॅथरीन बर्टिनी या अमेरिकन बाई १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या प्रमुख झाल्या आणि २००२ पर्यंत त्या पदावर राहिल्या. त्याआधी त्या अमेरिकेच्या कृषी खात्यात होत्या आणि तेथील गरिबांसाठीच्या अन्न योजनांचा कारभार त्यांच्याकडे होता. जागतिक अन्न कार्यक्रमाची स्थापना १९६१ सालची. त्याचे मुख्यालय रोमला. पहिली मोठी मदत त्याने केली ती १९६२ मध्ये इराणमधील भूकंपग्रस्तांना. तेव्हा गहू, साखर आणि चहा पाठवण्यात आला. बर्टिनींच्या काळात रुवांडातील नरसंहार झाला, बोस्नियाचे युद्ध झाले, उत्तर कोरियात दुष्काळ पडला, अफगाणिस्तान उद्ध्वस्त झाला. पूर्वी विकासाच्या योजनांना धान्य पुरवणारी ही संस्था याच वर्षांत मुख्यतः संकटात सापडलेल्यांना अन्न पोहोचवणारी संस्था बनली. २००३ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि त्याची रक्कम त्यांनी मुलींच्या शिक्षणासाठी निधी उभारण्यास दिली.

एका मुस्लिमेतर बाईचे उदाहरण घेऊन आपण धर्माचा विचार का करावा, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल, तर 'हिल्फुल फुजूल' आठवावा. अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी मक्केच्या काही सरदारांनी पीडिताच्या बाजूने उभे राहण्याचा करार केला, तेव्हा इस्लामचे आगमन झालेले नव्हते. तरीही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पुढे पैगंबरीच्या काळात त्या कराराची प्रशंसा केली आणि आजही तशी हाक आली तर आपण 'ओ' देऊ, असे सांगितले. भल्या कामातील भलेपण करणाऱ्याच्या नावावरून ठरत नाही.

या कार्याची एक बाजू सरळ कुरआनच्या शिकवणीशी जुळते. जागतिक अन्न कार्यक्रमाजवळ स्वतःचा पैसा नसतो. तो सर्वस्वी स्वेच्छेने दिलेल्या देणग्यांवर चालतो. म्हणजे त्याच्या प्रमुखाचे निम्मे आयुष्य सरकारांच्या दारात उभे राहून मागण्यात जाते. आता सूरह अल-माऊन आठवा. तेथे धर्माला खोटे ठरवणाऱ्याची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत एक असे की, तो गरिबाला जेवू घालण्यास प्रवृत्त करीत नाही. शब्द 'जेवू घालीत नाही' असा नाही, 'प्रवृत्त करीत नाही' असा आहे. सूरह अल-फज्रमध्येही हाच दोष पुन्हा सांगितला आहे. ज्याच्या घरात द्यायला मूठभर पीठ नाही, त्याच्यावरही ही जबाबदारी उरतेच. तो दुसऱ्याला सांगू शकतो, आठवण करून देऊ शकतो, संकोच सोडून मागू शकतो. दुसऱ्यासाठी मागणे हीसुद्धा इबादत आहे, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात असते?

दुसरी बाजू मात्र इतकी सरळ नाही. बर्टिनींनी पाहिले की, छावण्यांत धान्य पुरुषांच्या हाती, विशेषतः बंदुकवाल्यांच्या हाती पडले की ते चुलीपर्यंत पोहोचतेच असे नाही. रुवांडातून पळालेल्यांच्या छावण्यांत धान्याच्या वाटपावर सशस्त्र टोळ्यांनी कब्जा केला होता. म्हणून शक्य तेथे शिधापत्रिका आणि धान्य घरातील स्त्रीच्या हाती द्यावे, हे धोरण त्यांनी धरले. पाकिस्तानच्या बलुचिस्तान आणि सरहद्द प्रांतात आणखी एक योजना चालली: जी मुलगी महिन्यातील ठरलेले दिवस शाळेत येईल, तिच्या घरी खाद्यतेलाचा डबा जाईल. अन्न ही सत्ता आहे, तिच्या बळावर आपण माणसांचे वागणे बदलतो, कोणी याला लाच म्हटले तरी आपल्याला त्याची खंत नाही, अशा आशयाचे उद्गार बर्टिनींनी जाहीरपणे काढले होते. हे धीट बोलणे आहे. पण एखाद्या मोमिनाने ते ऐकले तर त्याला थबकायला हवे.

कारण सूरह अद्-दहरमध्ये सज्जनांचे जे चित्र आहे, ते याच्या अगदी उलट आहे. ते अल्लाहच्या प्रेमापोटी गरिबाला, अनाथाला आणि कैद्याला जेवू घालतात आणि मनाशी म्हणतात की, आम्हाला तुमच्याकडून ना मोबदला हवा, ना आभार. कैद्याचा उल्लेख विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. त्या काळी मुसलमानांच्या ताब्यातील कैदी बहुधा अनेकेश्वरवादी, म्हणजे शत्रूच असत, हे भाष्यकारांनी नोंदवले आहे. शत्रूला अन्न, आणि तेही आभाराची अपेक्षा न ठेवता! मग त्याच्या वागण्यात बदल मागण्याची गोष्ट दूरच राहिली.

याहून थेट मार्गदर्शन सूरह अल-बकरामध्ये आहे. ह. इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून आलेल्या माहितीनुसार, काही सहाबा आपल्या अनेकेश्वरवादी नातलगांना मदत देण्यास कचरत होते, ते इस्लामकडे वळावेत, असा त्यामागे विचार होता. तेव्हा आयत अवतरली की, त्यांना सन्मार्गावर आणण्याची जबाबदारी पैगंबरांची नाही, ते काम अल्लाहचे आहे. तुम्ही जे खर्च कराल ते तुमच्याच हिताचे आहे. किती मोठी गोष्ट आहे पाहा. ईमानाहून मोलाची वस्तू कोणती? भाकरीच्या मोबदल्यात ती मागण्याची परवानगीसुद्धा दिली गेली नाही. मग भाकरीच्या मोबदल्यात मत, निष्ठा किंवा आज्ञापालन मागणाऱ्याचा काय पाड लागावा?

आणि अन्न हे शस्त्र म्हणून हाती आले तर? त्याचेही उत्तर सीरतमध्ये आहे. यमामाचे सरदार सुमामा बिन उसाल कैद होऊन मदीनेत आले. मस्जिदे नबवीच्या खांबाला त्यांना बांधले गेले, पण त्यांना अन्न व दूध पोहोचत राहिले. तिसऱ्या दिवशी प्रेषितांनी (स.) त्यांना कोणतीही अट न घालता सोडून दिले. ते गेले, स्नान केले, परत आले आणि त्यांनी इस्लाम स्वीकारला. पुढे उमरा करण्यासाठी ते मक्केत गेले तेव्हा कुरैशांनी टोमणे मारले. सुमामांनी शपथ घेतली की, प्रेषितांच्या परवानगीशिवाय यमामाहून गव्हाचा एक दाणाही मक्केत येणार नाही. मक्का यमामाच्या धान्यावर जगत होती. ती कासावीस झाली. हेच ते कुरैश, ज्यांनी बनू हाशिमला शिअब अबी तालिबमध्ये सुमारे तीन वर्षे कोंडून त्यांचे अन्न तोडले होते आणि पोरांच्या रडण्याचे आवाज दरीबाहेर ऐकू येत होते. बदला घेण्याचा याहून चांगला प्रसंग कोणता? परंतु कुरैशांनी नात्याची आठवण देऊन पत्र पाठवले, आणि प्रेषितांनी (स.) सुमामांना लिहिले की, धान्य जाऊ द्या. युद्ध संपले नव्हते, मक्का जिंकली गेली नव्हती. तरी शत्रूच्या मुलांच्या ताटातील भाकरी शस्त्र बनली नाही.

आधुनिक जगाचा इतिहास या कसोटीवर लावून पाहा. अमेरिकेने १९५४ साली पी. एल. ४८० हा कायदा केला, त्यामागे भुकेल्यांची दया होती, तशीच शिल्लक धान्याची विल्हेवाट लावण्याची निकडही होती. १९६५ ते १९६७ च्या दुष्काळात, बिहार होरपळत असताना, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी भारताला धान्य थोडे थोडे, दोरी आवळत दिले. भारताने शेतीचे धोरण बदलावे आणि व्हिएतनामच्या युद्धावर बोलताना जीभ आवरावी, ही इच्छा त्यामागे होती. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने जी लाल मिलो खाल्ली, तिची चव आपल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवते. परक्याच्या धान्यावर जगण्यात काय सल असतो, हे त्यांना विचारावे. इराकवर १९९० साली संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध लादले, आणि १९९६ च्या अखेरीस 'तेलाच्या बदल्यात अन्न' ही योजना सुरू झाली तेव्हा त्याच संयुक्त राष्ट्रांचा अन्न कार्यक्रम तिच्या वाटपात उतरला. एका हाताने दार लावायचे आणि दुसऱ्या हाताने फटीतून घास द्यायचा, असा तो प्रकार. १९९२ पासून या संस्थेचे सर्व प्रमुख अमेरिकनच झाले, कारण सर्वांत मोठा देणगीदार तोच देश, ही गोष्टही विसरता येत नाही. बर्टिनी प्रामाणिक होत्या, हे मान्य करूनही म्हणावे लागते की, त्या ज्या सत्तेविषयी बोलत होत्या, ती केवळ त्यांच्या हातची नव्हती.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटला. अन्नावर अट हरामच. परंतु थांबा. कुरआनमध्येच एक प्रसंग असा आहे, जो हे उत्तर इतक्या लवकर देऊ देत नाही.

ह. यूसुफ (अ.) हे कुरआनमधील धान्यकोठारांचे व्यवस्थापक. त्यांनी ते पद मागून घेतले आणि आपली दोन पात्रताचिन्हे सांगितली: मी हफीज आहे आणि अलीम आहे, म्हणजे जपणारा आहे आणि जाणणारा आहे. दुष्काळात भाऊ धान्यासाठी आले. यूसुफ (अ.) यांनी माप पूर्ण भरून दिले आणि मग सांगितले की, पुढच्या खेपेस सावत्र भावाला आणा, न आणल्यास माझ्याकडे तुमच्यासाठी माप नाही. ही अट नव्हे तर काय? पण तिचे स्वरूप बारकाईने पाहा. पहिली गोष्ट, आजची भूक भागवल्यानंतर ती घातली गेली. आज आलेल्याला रिकाम्या गोणीने परत पाठवले नाही. दुसरी, त्यातून यूसुफ (अ.) यांच्या तिजोरीत काही पडणार नव्हते, उलट भावांनी दिलेली किंमत त्यांनी गुपचूप त्यांच्याच सामानात परत ठेवली. तिसरी, अटीचा शेवट एका दुभंगलेल्या कुटुंबाच्या मीलनात होणार होता. पैगंबरांचे ज्ञान आपल्याजवळ नाही, म्हणून या प्रसंगाला परवाना समजू नये. परंतु प्रत्येक अट सारखी नसते, एवढे तर तो निश्चित शिकवतो.

फिकहच्या विद्वानांनी हा भेद व्यवहारात बसवला आहे. जो भुकेने मरणाच्या दारी आहे, तो 'मुज्तर'. त्याला अन्न देणे हे ज्याला शक्य आहे त्याच्यावर बंधनकारक आहे. तेथे अट घालणे म्हणजे जे आपले देणे आहे त्याची किंमत मागणे. जकातीच्या बाबतीत हनफी विद्वानांच्या मते 'तमलीक' आवश्यक आहे, म्हणजे घेणाऱ्याला त्या मालाचा पूर्ण मालक बनवले पाहिजे. मालक झाल्यावर तो ते कसे वापरील, हा त्याचा अधिकार. देणाऱ्याचा हात तेथून उठला. याउलट वक्फमध्ये, शरीअतच्या मर्यादेत असलेली देणाऱ्याची शर्त पाळली जाते; आणि ऐच्छिक सदक्यातून कोणी 'शिकणाऱ्या मुलांसाठी' असे ठरवून दिले तर ते योग्यच आहे. म्हणजे अन्न कोणत्या प्रकारचे आहे आणि घेणारा कोणत्या अवस्थेत आहे, यावर उत्तर अवलंबून आहे.

या प्रकाशात तेलाच्या डब्याकडे पाहू. ज्ञान मिळवणे हा त्या मुलीचाही हक्क आणि तिच्यावरचे कर्तव्यही. अट तिच्याच भल्याची आहे, आणि तेलाचा डबा हा जगण्याच्या शेवटच्या घासाहून वेगळा, वरचा लाभ आहे. तो सदक्याच्या तिसऱ्या प्रकारात बसतो. तरी त्यात एक उणीव आहेच: जिच्या गावात शाळाच नाही, जी आजारी आहे, तिच्या घरची चूल तेवढीच गरीब असते आणि तेथे डबा जात नाही. अट घालणाऱ्याने अटीबाहेर राहिलेल्यांचाही हिशेब ठेवला पाहिजे. स्त्रीच्या हाती शिधा देण्याविषयी म्हणाल, तर काहींना त्यात पुरुषाच्या जबाबदारीला धक्का दिसतो. वस्तुतः पतीवरील पोटगीचे कर्तव्य त्याने सुटत नाही. आणि हिंद बिन्ते उतबा (रजि.) यांनी पती अबू सुफियान यांच्या कंजूषपणाची तक्रार केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना स्वतःला व मुलांना पुरेल इतके रीतीप्रमाणे घेण्याची मुभा दिली, हे सर्वांना ठाऊक आहे. मुलांचे पोट कशाने भरते हे घरात कोणाला कळते, याची दखल शरीअतने आधीच घेतली आहे.

सर्वांत अवघड प्रसंग मात्र काबूलचा. तेथे अन्न कार्यक्रमाच्या मदतीने सुमारे १३० बेकऱ्या चालत आणि अडीच लाखांहून अधिक लोक त्यांच्या स्वस्त नानवर अवलंबून होते. काही बेकऱ्या विधवा स्वतः चालवीत. लाभार्थ्यांच्या याद्या जुन्या झाल्या होत्या. नको ती नावे त्यांत शिरली होती, हवी ती राहून गेली होती. नव्या पाहणीसाठी घराघरांत जाऊन स्त्रियांशी बोलणे भाग होते, आणि ते स्त्रियाच करू शकत होत्या. तालिबान शासन स्त्रियांना त्या कामावर घेऊ देत नव्हते. जून २००१ मध्ये बर्टिनींच्या संस्थेने मुदत दिली: परवानगी द्या, अन्यथा बेकऱ्या बंद करू. शेवटच्या घटकेला तडजोड झाली, स्त्रियांकडून पाहणी करून घेण्याचा मार्ग निघाला आणि लोकांच्या तोंडचा घास वाचला.

येथे न्याय कसा करावा? खरा गरीब कोण, हे सांगताना प्रेषितांनी (स.) म्हटले आहे की, दारोदार फिरून एक-दोन घास मिळवणारा तो नव्हे, ज्याच्याजवळ पुरेसे नाही, ज्याची गरज कोणाच्या ध्यानात येत नाही आणि जो उठून मागतही नाही, तो खरा गरीब. अशी विधवा पडद्याआड असेल तर तिच्यापर्यंत पोहोचणार कोण? स्त्रियांनी पाहणी करावी, ही मागणी परकीय कल्पना नव्हती. पडद्याची प्रथा आणि अमानतीचे कर्तव्य दोन्ही मिळून तीच मागणी करतात. हफीज आणि अलीम असणे म्हणजे हेच: धान्य जपायचे आणि भुकेला कोण हे जाणायचे. म्हणून अट योग्य होती आणि तिला अडवणाऱ्यांनी मोठी जबाबदारी अंगावर घेतली, असे माझे मत आहे. परंतु त्या अटीमागील धमकी मला पटत नाही. बेकऱ्या बंद झाल्या असत्या तर उपाशी कोण राहिले असते? परवानगी नाकारणारे अधिकारी नव्हेत. त्याच विधवा, ज्यांच्यासाठी सारा वाद चालला होता. राज्यकर्त्याला वाकवण्यासाठी रयतेची भाकरी पणाला लावणे, हेच तर सुमामांना थांबवून प्रेषितांनी (स.) नाकारले होते. पाऊल योग्य ठरले की नाही, हे सुदैवाने तडजोड झाली यावरून ठरत नाही.

तेव्हा अट घालण्यापूर्वी देणाऱ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. या अटीचा लाभ कोणाला, मला की त्याला? ती मोडली गेली तर उपाशी कोण राहील, मोडणारा की त्याचे लेकरू? आणि ही अट मी कयामतच्या दिवशी अल्लाहसमोर उच्चारू शकेन काय, जेथे तो विचारील की, मी तुझ्याकडे अन्न मागितले होते, तू मला का दिले नाहीस? भुकेल्या माणसाला घास नाकारणे म्हणजे आपल्या रबच्या मागण्याकडे पाठ फिरवणे, असा त्या हदीसे कुदसीचा आशय आहे.

आता आपल्या मोहल्ल्याकडे वळू. राशनच्या पिशवीवर देणाऱ्याचे नाव छापणे, पिशवी घेणाऱ्या बाईचा फोटो काढून मोबाइलवर फिरवणे, 'आमच्याच जमातीचा असेल तरच' असे म्हणणे, 'मुलगा मदरशात पाठवशील तर जकात' असे बजावणे: यातील प्रत्येक गोष्ट एक अटच आहे, जरी तिला आपण तसे म्हणत नसलो. फोटो ही तर सर्वांत क्रूर अट, ती म्हणते, "तुझी लाज दे आणि पीठ घे." सूरह अल-बकरामध्ये स्पष्ट बजावले आहे की, उपकार दाखवून आणि दुखावून आपले दान वाया घालवू नका. अमेरिकेने धान्यावर राजकारण केले, असे आपण रागाने म्हणतो; पण आपल्या वीस किलोच्या पिशवीत किती राजकारण असते, तेही मोजले पाहिजे.

यावर उपायही अवघड नाही. प्रत्येक मशिदीने दोन-तीन जाणत्या भगिनींवर घरोघरच्या माहितीचे काम सोपवावे, कारण न मागणारी विधवा त्यांनाच सापडेल. पिशवी रात्री, शेजाऱ्यालाही कळणार नाही अशी जावी. शिक्षणासाठी उत्तेजन द्यायचेच असेल तर त्याचा निधी वेगळा ठेवावा. राशन त्यात अडकवू नये. म्हणजे आजची भूक बिनशर्त भागेल आणि उद्याचे भलेही साधेल. ज्याच्या घरी आपण देतो तो मुसलमान आहे की नाही, हे विचारण्याची गरज निदान ऐच्छिक सदक्यात तरी नाही. तो दरवाजा स्वतः कुरआननेच उघडा ठेवला आहे.

हिजरी सन १८ च्या दुष्काळात खलीफा ह. उमर (रजि.) यांनी प्रांतांकडून धान्याचे तांडे मागवले आणि लोकांना तूप मिळेपर्यंत आपण तूप खाणार नाही, असा निश्चय केला. तेल खाऊन त्यांचा रंग काळवंडला. अन्नाच्या बाबतीत त्यांनी अट घातली ती एकच, आणि ती स्वतःला. देणाऱ्याला अट घालायची इच्छा झालीच, तर तिची सुरुवात तेथून व्हावी.

हे अल्लाह, आमच्या हातातील अन्नाला आमच्या अहंकाराचे साधन बनवू नकोस. आम्हाला जपणारे आणि जाणणारे बनव, आणि जे मागत नाहीत त्यांच्या दारापर्यंत पोहोचण्याची बुद्धी दे. आमीन.